लोणावळ्याला थांबवलेली आरामबस: एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

2006 सालचा ऑगस्ट. कोल्हापूरहून मुंबईला निघालेली आयात चासीची आरामबस मी पहाटे तीनच्या सुमारास लोणावळ्याला एक्स्प्रेसवेवरून बाहेर काढली आणि बोरघाट उतरणार नाही असं मालकाच्या माणसाला सांगितलं. गाडीत 43 प्रवासी होते. त्या रात्री कोणी मेलं नाही, कोणी जखमी झालं नाही, पेपरात ओळही आली नाही. तरीही नव्या ड्रायव्हर पोरांना शिकवताना मी हेच प्रकरण सांगतो, कारण त्या रात्री मी एक निर्णय बरोबर घेतला, एक उशिरा घेतला आणि एक साफ चुकवला.

मालक, मॅनेजर, क्लीनर, प्रवासी यांची नावं दिलेली नाहीत. गाडीची बनावटही सांगत नाही. त्या काळात लोक अशा प्रत्येक गाडीला सरसकट 'व्होल्वो' म्हणायचे, मग ती कुणाचीही असो.

पार्श्वभूमी

मी क्लीनर म्हणून लाइनवर आलो तेव्हा आरामदायी प्रवास म्हणजे 'एशियाड'. दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांसाठी वापरलेल्या बसगाड्या एसटीने घेतल्या, दादर-पुणे मार्गावर लावल्या आणि ते नाव निमआराम गाडीला कायमचं चिकटलं. पुढे माझ्या हातात स्टेअरिंग आलं ते टाटा आणि लेलँडच्या गाड्यांचं. इंजिन पुढे, माझ्या डाव्या गुडघ्याला लागून. वर पत्र्याचं झाकण, त्यावर गोधडी टाकलेली, आणि गोधडीवर क्लीनर किंवा एखादा बिनसीटचा प्रवासी बसलेला. उन्हाळ्यात पाय भाजून निघायचा. पण त्या उष्णतेवरून, आवाजावरून, पायाखालच्या थरथरीवरून गाडीचं सगळं दुखणं मला कळायचं. पाणी कमी झालं की वास यायचा. उतारावर गाडी जास्त पळायला लागली की काटा बघायच्या आधी कान सांगायचे.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे 2002 मध्ये पूर्ण झाला. त्याच दोन-चार वर्षांत मागे इंजिन असलेल्या, हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या बारा मीटरच्या गाड्या आपल्याकडे दिसायला लागल्या. इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, ब्रेक सगळं परदेशी बनावटीचं, बॉडी आपल्याकडे बांधलेली. आमच्या मालकाने अशी एक घेतली आणि कंपनीच्या ट्रेनिंगला चार दिवस मला पाठवलं.

ट्रेनिंगला जाईपर्यंत मला वाटत होतं, गाडी ती गाडी, त्यात काय शिकायचं? पहिल्या दिवशी डेपोतून बाहेर काढली तेव्हा इंजिन चालू आहे की बंद पडलंय हेच मला कळेना. दोनदा चालू इंजिनवर पुन्हा चावी फिरवली. इंजिन दहा-अकरा मीटर मागे गेलेलं, मधे काच, गाद्या, एसीचा घुमघुमाट. स्प्रिंगचे पाटे नसल्यामुळे खड्डासुद्धा हातापर्यंत पोचत नव्हता. प्रवाशांनी भरलेला पाण्याचा ग्लास हिंदकळत नव्हता याचं त्यांना कौतुक होतं. मला मात्र आपले कान कोणी काढून घेतल्यासारखं वाटलं. ऐंशीचा वेग पन्नाससारखा भासायचा.

रिटार्डर म्हणजे काय

पुढचं सगळं प्रकरण या एका वस्तूभोवती फिरतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या गाडीत घाट उतरायचा म्हणजे खालचा गिअर आणि पायाखालचा ब्रेक. नव्या गाडीत गिअरबॉक्सला जोडलेलं एक जादा यंत्र होतं. आत पंख्यासारखी दोन चक्रं, एक फिरणारं, एक जागेवर ठाम. स्टेअरिंगखालची दांडी ओढली की त्यांच्यामध्ये तेल शिरतं, फिरणारं चक्र त्या तेलात जड होतं आणि मागची चाकं मंदावतात. ब्रेकचं लायनर झिजत नाही, डिस्क तापत नाही. दांडीला पायऱ्या असतात, एकेक ओढत जायची. सवय झालेला ड्रायव्हर अख्खा बोरघाट पायाचा ब्रेक जेमतेम टेकवत उतरतो.

पण गाडीचा जोर कुठेतरी जिरायलाच हवा. खंडाळा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि खोपोली साठ-सत्तर मीटरवर. पंधरा टनांची भरलेली गाडी एवढ्या उंचीवरून खाली आणायची तर सुमारे वीस युनिट विजेइतकी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. घरातला दोन किलोवॅटचा गिझर दहा तास चालवला तर जेवढी होईल तेवढी. थोडी टायर आणि वारा खातात, थोडी इंजिन. उरलेली एकतर ब्रेकच्या डिस्कमध्ये जाते, नाहीतर रिटार्डरच्या तेलात, आणि तीसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत.

ते तेल थंड कोण करतं? इंजिनचं पाणी. रेडिएटरमध्ये फिरतं तेच पाणी रिटार्डरची उष्णताही वाहून नेतं. पाणी कमी असेल तर तेल बघता बघता तापतं, आणि तापलं की गाडीचा कॉम्प्युटर रिटार्डर ढिला करतो, फारच तापलं तर बंद करतो. स्वतःला वाचवायला ते बरोबरच आहे. पण बंद होण्याची वेळ उताराच्या ऐन मध्यावर येऊ शकते, आणि तोपर्यंत ड्रायव्हरने डिस्कवर भार टाकायचं मनातही आणलेलं नसतं.

अडचण कशी उभी राहिली

त्या आठवड्यात इंजिनपाशी पाण्याचा एक होज पाइप पाझरत होता. मी दोनदा वहीत लिहिलं होतं. तो पाइप आणि त्याची क्लिप परदेशी मापाची, आपल्या बाजारातला पाइप बसत नव्हता. पार्ट मागवला होता, यायला वेळ होता, आणि गाडी उभी ठेवली की दिवसाचा धंदा बुडतो. वर्कशॉपच्या मिस्त्रीने दुसरी पट्टी आवळून दिली आणि क्लीनरला सांगितलं, रोज पाणी बघत जा. क्लीनर रोज बघायचाही. त्या दिवशी संध्याकाळी मात्र धुलाईला उशीर झाला, प्रवासी येऊन उभे राहिले आणि बघायचं राहून गेलं. मीही विचारलं नाही.

साडेनऊला कोल्हापूर सोडलं. कराडच्या पुढे जेवायला थांबलो. पाऊस संततधार होता.

पहिली खूण खंबाटकीला मिळाली. साताऱ्याकडून येताना बोगदा संपला की रस्ता खाली जातो आणि तिथे इंग्रजी 'एस'सारखं वळण आहे. त्या जागेने बऱ्याच गाड्या खाल्ल्या आहेत, म्हणून बोगद्यातच मी दांडी दुसऱ्या पायरीवर ओढली. गाडी धरली, मग मध्येच सुटल्यासारखी झाली. डॅशबोर्डवरचा रिटार्डरचा दिवा एकदा मिणमिणला. मी पायाने ब्रेक दिला, वळण काढलं आणि मनात म्हणालो, रस्ता ओला आहे, एबीएसने (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेने) सोडवलं असेल. असं होतंही. रिटार्डर फक्त मागच्या चाकांना धरतो, ओल्यावर ती घसरायला लागली की यंत्रणा त्याला मोकळं करते. कारण पटण्यासारखं होतं म्हणून मी ते पटवून घेतलं.

कात्रजच्या उतारावर तसंच झालं. तिथे मागची चाकं घसरत नव्हती हे मला सीटमधून कळत होतं. तरी मी पुण्यात थांबलो नाही. दोन ठिकाणी प्रवासी घेतले, उतरवले, आणि एक्स्प्रेसवेला लागलो.

उर्स्याचा टोलनाका ओलांडल्यावर पाऊस जरा थांबला, रस्ता सपाट आणि मोकळा होता. मागे गाडी नाही असं बघून मी साठच्या वेगाला दांडी शेवटपर्यंत ओढली. चार-पाच सेकंद गाडीने छान धरलं. मग सोडून दिलं. दिवा विझला. पाण्याच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपेक्षा बोटभर वर होता. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. आता ओल्या रस्त्याचं कारण उरलं नव्हतं.

क्लीनर शेजारच्या सीटवर पेंगत होता. त्याला हलवून विचारलं, "पाणी बघितलंस काय रे निघताना?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, राहिलं."

लोणावळ्याची पाटी सहा-सात किलोमीटरवर होती.

समोर असलेले पर्याय

तेवढ्या अंतरात मी जे तोलत होतो ते असं.

सरळ घाट उतरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, पायाच्या ब्रेकवर. इतकी वर्षं हेच तर केलं होतं. शेकडो गाड्या रिटार्डरशिवाय रोज उतरतात. पण जुन्या गाडीत ब्रेक किती तापलाय हे मला वासावरून, पेडलवरून, आवाजावरून समजायचं. या गाडीच्या डिस्क घाटात कशा वागतात हे मला ठाऊकच नव्हतं, कारण दीड वर्षात मी त्यांच्यावर पूर्ण भार कधी टाकलाच नव्हता. ज्या ब्रेकवर अवलंबून उतरायचं त्याची ओळखच नव्हती, आणि भरलेल्या गाडीत ती करून घ्यायची हिंमत होईना.

जुन्या रस्त्याने, शिंग्रोबाच्या देवळावरून उतरायचं. तिथे वेग आपोआप कमी राहतो. पण वळणं आवळ आणि बारा मीटरची गाडी. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे तोंड बाहेर फेकल्याशिवाय गाडी वळत नाही. पावसात, अंधारात, समोरून ट्रक. हा विचार मी लगेच सोडला.

थांबून पाणी भरायचं, रिटार्डर तपासायचा आणि चालला तर उतरायचं. हा सगळ्यात मोह पाडणारा पर्याय होता. अर्ध्या तासात काम झालं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. पण पाणी गेलं ते पाइपातून. भरलेलं पाणीही तिथूनच जाणार, आणि दाब वाढला की जास्त जोरात जाणार. सपाटीवर तपासून हिरवा कंदील मिळाला तरी तो सपाटीचाच.

चौथा पर्याय म्हणजे लोणावळ्याला बाहेर पडायचं, प्रवासी उतरवायचे आणि पुण्याहून दुसरी गाडी मागवायची. त्यात तीन तास जाणार, मालकाचे पैसे जाणार आणि 43 लोकांची सकाळ जाणार.

याच घाटात रेल्वेची पद्धत मला फार आवडते. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबतात, ब्रेक हातात आहेत हे सिद्ध करतात आणि मगच पुढे निघतात. रुळांना लागून कॅच साइडिंग आहेत, म्हणजे गाडी सुटलीच तर ती चढावर घालून थांबवायची सोय. तिथे ड्रायव्हरला थांबायची परवानगी मागावी लागत नाही, थांबणं हाच नियम आहे. आमच्या रस्त्यावर तसं काही नव्हतं. थांबायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर, आणि मग सकाळी हिशोब द्यायचा.

काय केलं

लोणावळ्याला बाहेर पडलो. एका पेट्रोल पंपाच्या कडेला सपाट जागा बघून गाडी लावली, पार्किंग ब्रेक ओढला, चाकांना लाकडी गुटके लावले. मॅनेजरला फोन केला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याचं पहिलं वाक्य, "मामा, तुम्ही एवढे जुने ड्रायव्हर, आणि घाट उतरायला घाबरताय व्हय?"

मी म्हणालो, "घाबरतोय."

मग तो समजुतीच्या सुरात आला. हळू उतरा, लो गिअरमध्ये उतरा, खाली खोपोलीला मिस्त्री पाठवतो. मी म्हटलं, मिस्त्री वरच पाठवा आणि पुण्याहून गाडी पाठवा. त्याने शेठना उठवायला नकार दिला. मी सांगितलं, "तुम्ही उठवत नसाल तर मी उठवतो, पण प्रवासी घेऊन ही गाडी इथनं हलणार नाही." दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. पुण्यात एक गाडी सकाळच्या फेरीसाठी उभी होती, ती निघेल. शेठ माझ्याशी बोलले नाहीत.

दरम्यान क्लीनर मागचं झाकण उघडून टॉर्च घेऊन उभा होता. पाण्याच्या टाकीच्या टोपणावर फडकं टाकून तो पिळायला लागला तेव्हा मी ओरडलोच. तापलेलं पाणी दाबाखाली असतं, टोपण सैल झालं की वाफेचा झोत तोंडावर येतो. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीचा गाल आणि मान त्यात भाजली होती. मी त्याचा हात धरून बाजूला घेतला. पावसाचे थेंब इंजिनवर पडून चर्र चर्र आवाज येत होता, पाइपाच्या जोडाखाली गोडसर वासाचा ओलावा पसरला होता. पाऊण तास वाट पाहिली. मग टोपण उघडलं आणि अकरा लिटर पाणी आत गेलं. अकरा! एवढं कमी असताना आम्ही घाटाच्या तोंडापर्यंत आलो होतो.

प्रवाशांना मी काय सांगितलं? पहिली वीस मिनिटं काहीच नाही. काहींना जाग आली, त्यांना चहापाण्याचा थांबा वाटला. मग एका काकांनी येऊन विचारलं, "दादा, खरं सांगा, गाडी बिघडली का?" तेव्हा मी दिवे लावले आणि पुढे उभा राहून सांगितलं, की उतारावर गाडी धरून ठेवणारं यंत्र चालत नाही, मी घाट उतरणार नाही, दुसरी गाडी येते आहे, साडेपाच-पावणेसहा होतील. गलका झाला. पण निम्म्या लोकांनी मान डोलावली, आणि एका बाईने झोपलेल्या मुलीच्या अंगावर चादर ओढून घेतली आणि स्वतःही डोळे मिटले. त्या एका हालचालीने मला केवढा धीर आला.

तिघांची घाई खरी होती. एका मुलाचं सकाळचं विमान होतं, पहिल्यांदाच आखाती देशात नोकरीला चालला होता. एक मावशी मुलासोबत परळला कॅन्सरच्या उपचारासाठी चालल्या होत्या, सकाळी लवकर नंबर लावायचा होता. आमच्या लाइनवरच्या ड्रायव्हरांकडे एकमेकांचे मोबाईल नंबर असतात, कंपनी कुठलीही असो. माझ्यामागून कोल्हापूरहून निघालेल्या दुसऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याच्याकडे दोन सीट होत्या आणि केबिनमध्ये एक जागा. तो वाट वाकडी करून लोणावळ्यात आला, एक पैसा न घेता तिघांना घेऊन गेला. कोर्टाच्या तारखेला चाललेले एक गृहस्थ माझ्यावर फार संतापले. त्यांचंही काम खरंच होतं. पण जागा तीनच होत्या आणि कोण जाणार ते मी ठरवलं. पाच-सहा जण रिक्षा करून स्टेशनला गेले आणि पहाटेच्या रेल्वेने मुंबईला पोचले.

पावणेसहाला पुण्याची गाडी आली. उरलेले सगळे तिच्यात बसले, सामान आम्ही दोघांनी पावसात हलवलं.

पुढे काय झालं

इथे हे प्रकरण संपलं असतं तर मी ते अभिमानाने सांगितलं असतं.

सहा वाजता लोणावळ्याचा एक मिस्त्री आला. त्याने पट्टी आवळली, गाडी चालू करून पाहिली, मी पंपाच्या मागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. रिटार्डरने पाचही पायऱ्या धरल्या. मॅनेजरचा फोन: संध्याकाळची मुंबईहून परतीची फेरी भरलेली आहे, गाडी आता रिकामीच आहे, उतरवा. उजाडलं होतं, पाऊस ओसरला होता. प्रवासी आणि सामान मिळून साडेतीन टन वजन कमी झालेलं. मी हो म्हणालो.

ज्या पर्यायाला मी रात्री तीन वाजता नाही म्हटलं होतं, त्यालाच सकाळी सव्वासहाला हो म्हटलं.

खंडाळा गेलं, अमृतांजन पुलाखालून गाडी काढली (तेव्हा तो उभा होता, 2020 च्या एप्रिलमध्ये पाडला), आणि तिथून दीडेक किलोमीटरवर दिवा मिणमिणला. दांडी तिसऱ्या पायरीवर होती. गाडी सुटल्यासारखी झाली, तीच खंबाटकीची चाल. या वेळी मी गिअर तिसऱ्यात धरून ठेवला होता म्हणून इंजिनने थोडं तरी रोखलं. पाय ब्रेकवर सतत ठेवला नाही. घट्ट दाबून वेग पंचविसावर आणायचा, पूर्ण सोडायचा, डिस्कला वारा खाऊ द्यायचा, वेग पस्तीसवर गेला की पुन्हा दाबायचा. पटपट पंप करायचा नाही, त्यात ब्रेक चालवणारी हवा संपते. हवेचा काटा आणि समोरचा रस्ता, एवढ्या दोनच गोष्टी मी बघत होतो. डाव्या लेनमध्ये चारही इंडिकेटर लावून. मागून ट्रक डिपर मारत होते.

आडोशीच्या बोगद्यात काचा खाली केल्या तेव्हा वास आला. लायनर जळल्याचा कडवट वास, तोच जुना, ओळखीचा. पेडल अजून धरत होतं, पण आधीपेक्षा जास्त दाबावं लागत होतं. खोपोलीचा उतार संपला तिथे सपाटीवर गाडी कडेला घेतली आणि पार्किंग ब्रेक ओढला नाही, तापलेल्या डिस्कवर तो ओढू नये असं शिकवलं होतं. गिअरमध्ये ठेवून गुटके लावले. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरून आच लागत होती.

हिशोब साधा आहे. रिकाम्या गाडीला, उजेडात, कोरड्या होत चाललेल्या रस्त्यावर एवढं झालं. साडेतीन टन जास्त, अंधार आणि पाऊस असता तर उताराच्या शेवटी त्या पेडलमध्ये काय उरलं असतं, त्याची आकडेमोड मी अजूनही कधीकधी झोपताना करतो.

गाडी तीन दिवस उभी राहिली. नवा पाइप आला, पुढचे पॅड बदलले. शेठनी माझे पैसे कापले नाहीत. कौतुकही केलं नाही. महिनाभराने मात्र वर्कशॉपमध्ये एक फळा लागला: पाणी, तेल, हवा, रिटार्डर, चारही बघितल्याची ड्रायव्हरची सही असल्याशिवाय गाडी बाहेर नाही. कोर्टवाल्या गृहस्थांनी लेखी तक्रार केली आणि त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले. आखाताला जाणाऱ्या मुलाचं विमान मिळालं, त्याने तिथून क्लीनरला फोन केला होता. मावशींचा नंबर लागला की नाही ते कळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, निघताना मी पाणी बघितलं का असं विचारायला हवं होतं. क्लीनरचं काम होतं हे खरं, पण गाडी माझ्या ताब्यात होती. जुन्या गाडीत हे विचारावं लागत नसे, पाणी कमी झाल्याचं माझ्या गुडघ्याला कळायचं. नवी गाडी स्वतःहून सांगत नाही म्हटल्यावर विचारण्याची सवय लावून घ्यायला हवी होती. मी गाडी बदलली, सवय बदलली नाही.

खंबाटकीच्या वळणावर मिळालेली खूण मी पावसाच्या नावावर खपवली. तिथून पुढे साताऱ्याचा जिल्हा संपेपर्यंत थांबायला जागा होत्या, पुण्यात तर मालकाचं ऑफिसच होतं. रात्री दीड वाजता पुण्यात थांबलो असतो तर गाडी बदलून प्रवासी वेळेवर पोचले असते, मावशींसकट. ज्या निर्णयासाठी मला शाबासकी मिळते तो खरं म्हणजे दोन तास उशिरा घेतलेला निर्णय आहे.

प्रवाशांना ताबडतोब सांगायला हवं होतं. वीस मिनिटं गप्प राहण्यामागे भीती होती, की लोक चिडतील. लोक चिडले ते थांबल्यामुळे कमी आणि कोणी काही सांगत नसल्यामुळे जास्त.

मॅनेजरबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला रात्री तीनला झोपेतून उठवून निर्णय मागितला होता, आणि त्याने गाडी कधी उतरवलीच नव्हती. गाडी थांबवण्याचा अधिकार ड्रायव्हरचा, हे आधीच कागदावर असतं तर त्याला वाद घालावा लागला नसता आणि मला आवाज चढवावा लागला नसता. फळ्यावर चार गोष्टींच्या सह्या आल्या, पण हे वाक्य त्या फळ्यावर कधी आलं नाही. मी दोनदा सांगून पाहिलं.

आणि सकाळची फेरी. ती गाडी टोइंग करून खाली न्यायला हवी होती, किंवा पार्ट वर आणून बसवायला हवा होता. प्रवासी उतरले आणि माझ्या मनाने गाडी रिकामी धरली. मॅनेजर 'रिकामी' म्हणाला, मीही 'रिकामी' म्हणालो. माझ्या शेजारच्या सीटवर बावीस वर्षांचं पोरगं बसलं होतं. बोगद्यात वास आला तेव्हा त्याने समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली, तोंडातून शब्द काढला नाही. क्लीनर म्हणजे गाडीचाच एक भाग असं आम्ही धरून चालतो. लोणावळ्याहून निघताना मी त्याला म्हणू शकलो असतो, तू रेल्वेने खाली ये, खोपोलीला भेट. ते माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.